एक डबा, सहा मशिनं आणि तीन राज्यांचं गाव

एकाच कॉम्प्युटरवर पाच-सहा कॉम्प्युटर चालवायचे, तर हार्डवेअर घ्यायचं तरी कोणतं? हा प्रश्न घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो नाही की तपकीर गल्लीत. आम्ही गेलो थेट देगलूरला. सोबत होट्टलची देवळं आणि सिकंदराबादचा इराणी चहा फ्री!

'देगलूर? हे कुठं आलं?'

हिंजवडीतल्या ऑफिसात सुट्टी टाकली की हा प्रश्न ठरलेला. गोव्याला निघालेल्याला कुणी असं विचारत नाही. असो. महाराष्ट्राचा नकाशा समोर धरा. नांदेड जिल्ह्याचं जे टोक खाली तेलंगण आणि कर्नाटकाच्या मधे घुसलंय ना, तिथं देगलूर. नांदेडहून साधारण ८० किलोमीटर, हैदराबादहून साधारण २००. आणि पुणे? हैदराबादच्या दुपटीहून लांब! गावाला रेल्वे नाही. पण अकोल्याहून नांदेडमार्गे संगारेड्डीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ गावाला टेकून जातो. त्यामुळे इथल्या माणसाला मोठं शहर म्हणजे पुणे-मुंबई नाही, हैदराबाद. दवाखाना हैदराबाद, लग्नाचा बस्ता हैदराबाद आणि हल्ली कॉम्प्युटरचा क्लासही हैदराबाद.

याला इतिहासही आहे. सप्टेंबर १९४८पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या संस्थानात होता. १९५६मध्ये भाषेवार राज्यं आखली गेली तेव्हा चक्क देगलूर तालुक्याचंच पार्टिशन झालं. बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन सर्कल तेलुगू बाजूला गेली, बाकी तालुका मराठी बाजूला राहिला. हद्द बदलली, सोयरिकी थोड्याच बदलतात?

म्हणून देगलूरच्या स्टँडवर उभं राहणं हा एक हटके अनुभव आहे. एका बसची पाटी मराठी, दुसरीची तेलुगू, तिसरीची कन्नड. स्टँडसमोरचा चहावाला एका गिऱ्हाइकाशी तेलुगू बोलतो, दुसऱ्याशी दखनी, फोनवर बायकोशी मराठी. डोकं एकच, भाषा तीन-चार, आणि एकीचा दुसरीला धक्का नाही! कॉम्प्युटरच्या दुनियेत नेमक्या याच प्रकाराला म्हणतात व्हर्च्युअल मशीन. माझं देगलूरला जाण्याचं कारणही तेच होतं.

पंचेचाळीस हजारांचा प्रश्न

माझी मामेबहीण. देगलूरमधूनच कॉम्प्युटर सायन्सची बी.एस्सी. झाली. आता तिला लिनक्स आणि क्लाउडच्या नोकरीत शिरायचंय. या नोकऱ्यांच्या इंटरव्ह्यूत मार्कशीट कुणी फारसं बघत नाही. विचारतात, 'सर्व्हर उभा केलायस का? पडला तर काय केलंस?' आणि घरातल्या एकुलत्या जुन्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडला तरी पंखा बोंबलायला लागतो.

वाटा तीन होत्या. हैदराबादला अमीरपेठेत क्लास आणि हॉस्टेल, पुण्यात माझ्याकडे राहून क्लास किंवा घरीच एक दणकट मशीन. त्यात २०२५च्या पावसाळ्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि मामाचं सोयाबीन पाण्यात उभं राहून कुजलं. ज्या पिकाला सरकारने ५,३२८ रुपये क्विंटल हमीभाव लावला होता, ते विकायला घरी आलंच नाही फारसं. हॉस्टेलचा विषय तिथंच बारगळला.

मामाचा फोन आला. 'हे बघ बाळा, पंचेचाळीस हजार हायती. त्यात काय बसतंय ते तू बघ. पोरगी सहा महिने घरी शिकूलाली म्हणलं तर आपलं काही म्हणणं नाही. पुढचं पुढं.'

पुढचं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मामीच्या मोबाइलमध्ये स्थळांचे बायोडेटा येऊन पडायला सुरुवात झालीच होती. थोडक्यात काय, पंचेचाळीस हजारांत नुसता डबा आणायचा नव्हता. एका पोरीचे सहा महिने आणायचे होते.

वाड्याचा फंडा

आता ज्यांचा या विषयाशी संबंध 'आयटीवाल्याला फोन लाव' इतपतच आहे, त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगते. जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. मालक एक, बिऱ्हाडं सहा. प्रत्येकाचं दार वेगळं, चूल वेगळी, कुणाच्या पातेल्यात काय शिजतंय ते शेजारच्याला दिसत नाही. हा वाडा म्हणजे तुमचा कॉम्प्युटर. बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशिनं. प्रत्येकात वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम, एकात विंडोज, दुसऱ्यात लिनक्स. आणि वाडामालक म्हणजे हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर.

वाड्यातल्या खोल्या म्हणजे रॅम. एक खोली एका बिऱ्हाडाला दिली की दिली, तीच दुसऱ्याला देता येत नाही. अंगणातला नळ म्हणजे प्रोसेसर. सहा जणांत एकच असला तरी भागतं, कारण दिवसभर कुणी पाणी भरत बसत नाही. आणि जिना म्हणजे डिस्क. तो अरुंद असला, की सकाळी सगळे एकदम निघाले रे निघाले की जाम!

एवढं कळलं की खरेदीचा क्रम आपोआप लागतो. आधी रॅम, मग एसएसडी, मग प्रोसेसर. दुकानात मात्र वरात नेमकी उलटी निघते. सगळ्यात पुढे प्रोसेसरचं स्टिकर, त्यामागे लुकलुकणाऱ्या दिव्यांचं ग्राफिक कार्ड आणि रॅमचा नंबर शेवटून पहिला.

हे व्हर्च्युअल प्रकरण काही कालचं नाही बरं का! आयबीएमने १९७२मध्येच आपल्या अवाढव्य मेनफ्रेमसाठी 'व्हीएम/३७०' आणलं होतं. साध्या पीसीवर ही चैन आली १९९९मध्ये, व्हीएमवेअर वर्कस्टेशनमुळे. मग २००५ आणि २००६मध्ये अनुक्रमे इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरच्या आतच त्याची सोय करायला घेतली. आता दहा वर्षं जुन्या ऑफिस-पीसीतही ती असते. फक्त बऱ्याचदा बायोसमध्ये बंद करून ठेवलेली असते. ती चालू करायची, बस्स!

आधी हिशोब, मग हार्डवेअर

माळवदाच्या खोलीत बसून मामेबहिणीने वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली. तिला काय काय चालवायचंय? कंपन्यांत असतो तसा एक विंडोज सर्व्हर, त्याला ४ जीबी. त्याला जोडलेला एक विंडोज ११, त्याला ४. (त्याहून कमी रॅमवर विंडोज ११ अधिकृतपणे चढतच नाही.) कुबरनेटिस शिकायला तीन लिनक्स मशिनं, प्रत्येकी २, म्हणजे ६. एक छोटा फायरवॉल, १. आणि खुद्द वाडामालकाला ४. बेरीज १९.

म्हणजे १६ जीबीत बिऱ्हाडं दाटीवाटीने राहणार, सगळी एकदम नाहीच. ३२ जीबीत सगळी बसून वर तेरा उरतात. ६४ जीबी ही चैन. पैसे असतील तर करा, नसतील तर अडत नाही.

प्रोसेसरचं गणित सैल आहे. सहा कोअर असले आणि प्रत्येक मशिनाला दोन-दोन दिले तर बारा होतात. चालतं! सहातली चार मशिनं कधीही बघा, डुलक्याच काढत असतात. रॅमचं तसं नाही. ती संपली की मशीन डिस्कचा आधार घेतं आणि मग माउस हलवला तर बाण चहा पिऊन येतो.

डिस्क मात्र साधी हार्डडिस्क नकोच. तिच्यातली सुई सेकंदाला शंभर-दीडशे वेळा इकडून तिकडे जाऊ शकते. सहा सिस्टिमी एकदम बूट झाल्या की बिचारीचा जीव जातो. एनव्हीएमई एसएसडी हेच काम सेकंदाला लाखांत करते. जागा किती? सगळ्या मशिनांची मिळून अडीचशे जीबीच्या पुढे जाते, त्यावर स्नॅपशॉट. म्हणून ५१२ जीबीत ओढाताण, १ टीबीत निवांत.

ग्राफिक कार्ड? शून्य रुपये. या मशिनांना पडदाच लागत नाही, सगळं ब्राउझरमधून चालतं. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स इन्स्टॉल करण्यापुरतं पुरतं. फक्त एक ध्यानात ठेवा. इंटेलच्या ज्या मॉडेलच्या शेवटी 'एफ' असतो, त्यात तेही नसतं.

विहिरीला पाणी किती?

इथवरचा हिशोब पुण्यातही तोच असता. पुढचा मात्र खास देगलूरचा.

माझ्या डोक्यात आधी होता रॅक सर्व्हर. मोठ्या कंपन्यांनी काढून टाकलेले डेलचे जुने सर्व्हर बाजारात मिळतात. रॅम भरपूर, दिसायला एकदम डेटा सेंटर! मामा शांतपणे ऐकत होता. मग त्याने विचारलं, 'वीज किती खाईल?'

मांडलं गणित. असा सर्व्हर नुसता चालू ठेवला तर सहज २०० वॅट घेतो. दिवसाला ४.८ युनिट, महिन्याला १४४. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दराचा टप्पाच बदलतो. म्हणजे हा एकटा पठ्ठ्या अख्ख्या घराला वरच्या टप्प्यात ढकलणार. वर त्याच्या पंख्यांचा आवाज! ज्या घरात तीन खोल्यांत पाच माणसं झोपतात, तिथं रात्रभर हे विमान उडवणार कोण?

मामाने विषय एका वाक्यात संपवला. 'मोटार कवाबी विहिरीला पाणी किती अन् लाइन किती तास, ते बघून घ्यावं. शेजाऱ्यानं दहाची बसवली म्हणून आपणबी दहाची बसवायची नसती.'

मी आठ वर्षं इन्फ्रास्ट्रक्चरमध्ये काम करतेय. कपॅसिटी प्लॅनिंगवर यापेक्षा शॉर्ट प्रेझेंटेशन ऐकलेलं नाही!

मग अटी एकेक करून लिहिल्या. एक, वळवाच्या पावसात लाइट तास-दोन तास जातेच. दोन, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. खोली पाच अंशांनी तापली की आतली चिपही साधारण तेवढीच जास्त तापते, आणि शंभर अंशांच्या आसपास गेली की स्वतःच वेग कमी करून बसते. तीन, काळ्या मातीची बारीक धूळ. चार, बिघडलं तर दुरुस्ती कुठं?

लॅपटॉपचाही विचार झाला. त्याची बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. पण आजकालच्या बऱ्याच स्लिम लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, वाढवता येत नाही. आणि सहा मशिनं चोवीस तास त्याच्यावर चालवायची म्हणजे उन्हाळ्यात त्याला निखाऱ्यावर ठेवणं. पुण्यात फ्लॅट शेअर करून राहणाऱ्या, दर अकरा महिन्यांनी सामान हलवणाऱ्या तुमच्यासाठी मात्र ३२ जीबीचा लॅपटॉप हाच बेस्ट. विहीर ज्याची त्याची!

मामाच्या विहिरीला बसत होता तो मिनी पीसी. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, या जातीचा. जाड पुस्तकाएवढा डबा, निवांत असताना वीसेक वॅटच्या आत-बाहेर. महिन्याला झाले साधारण १४ युनिट. लॅपटॉपसारखा बाहेरचा ॲडॅप्टर, त्यामुळे छोट्याशा यूपीएसवरही बराच वेळ तग धरतो.

'कार्ड नक्को, रॅम होना!'

सकाळच्या बसने आम्ही दोघी निघालो. मद्नूर आलं की पाट्यांची लिपी बदलते. पिटलम, शंकरमपेठ, जोगीपेठ, संगारेड्डी... दुतर्फा कापूस आणि भात, मधूनच एखादं तळं. महामार्ग झकास आहे. डुलकी लागली तर दोष देऊ नका.

आधी मुद्दाम अमीरपेठेत उतरलो. मेट्रोच्या दोन लाइन जिथं एकमेकींना छेदतात, त्या स्टेशनच्या खालीच हे क्लासचं जंगल पसरलंय. मैत्रीवनमच्या आसपासच्या इमारतींना खिडक्या आहेत की नाहीत ते कळत नाही, इतके क्लासचे बोर्ड! जावा, लिनक्स, डेव्हऑप्स, सगळं एका भिंतीवर. फुटपाथवर दोन मुलं नांदेडी मराठीत भांडत होती. मामेबहीण बराच वेळ त्या बोर्डांकडे बघत राहिली. मग म्हणाली, 'ताई, हे लोक जे लॅबमध्ये देतात, तेच आपण घरी करणार ना?' मी म्हटलं, 'लॅब तेवढी तीच. शंका विचारायला शेजारी कुणी नसणार, ते मात्र तुला ऑनलाइन शोधावं लागेल.' खोटं कशाला सांगा?

तिथून सिकंदराबाद. पार्कलेनचं चेनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे सगळ्यांचं 'सीटीसी'. मजल्यांवर मजले कॉम्प्युटरची दुकानं. इथं नवंही मिळतं आणि कंपन्यांनी बदललेलं जुनंही. जुन्याला सध्या एक खास कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक सगळे प्रोसेसर विंडोज ११ला चालत नाहीत, म्हणून ऑफिसं जुनी मशिनं काढून टाकताहेत. लिनक्सला त्याचं सोयरसुतक नाही! तरी आम्ही आठव्या पिढीवरच थांबलो. कारण साधं आहे. सातव्या पिढीपर्यंत डेस्कटॉपच्या आय-५मध्ये चार कोअर असायचे, आठव्या पिढीपासून सहा झाले.

दुसरी बातमी मात्र वाईट होती. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत. जगभरातली एआय डेटा सेंटर्स मेमरी गिळतायत आणि उरलेली आपल्या वाट्याला. सोयाबीन खाली आणि रॅम वर, असा हा सीझन!

पहिल्याच दुकानात पोऱ्याने रंगीत दिव्यांचा गेमिंग डबा पुढे केला. रॅम १६, ग्राफिक कार्ड सगळ्यात महाग. मी घसा साफ करेपर्यंत मामेबहिणीने दखनीत सुनावलं, 'भय्या, कार्ड नक्को, रॅम होना!' दुकानदाराने वर बघितलं. 'किधर के आप?' 'देगलूर.' 'अरे, अपनेच लोगाँ!' आणि चहा आला. चार भाषांच्या गावात वाढण्याचा हा फायदा कुठल्याच क्लासात मिळत नाही.

तिसऱ्या दुकानात जमलं. आय-५ ८५००टी, सहा कोअर, ३५ वॅटच्या जातीचा. दोन खाचांत आठ-आठची रॅम होती. ती दुकानदाराला परत देऊन सोळा-सोळा घेतली, झाली ३२. वर १ टीबीची नवी एसएसडी. जुन्या मालात मेमरी आणि डिस्कवरच निम्म्याहून जास्त पैसे गेले, आणि तेच बरोबर होतं.

पैसे देण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघितलं. बायोसला आधीच्या कंपनीचा पासवर्ड नाही ना? व्हर्च्युअलायझेशन चालू होतंय ना? मेमटेस्टची एक फेरी पार झाली? पंखा खरखरत नाही ना? सगळं ओके. मग समोरच्या इराणी हॉटेलात चहा आणि उस्मानिया बिस्किट. ही ट्रीट तिने दिली.

यूपीएस मात्र सिकंदराबादहून आणला नाही. ती अट मामाची. 'बॅटरी दोन-तीन वर्षांनी जाणारच. मोटारीला वायंडिंगवाला गावातलाच पाहिजे.' देगलूरच्या बाजारातून घेतला. सगळं मिळून पंचेचाळीसच्या आत बसलं.

तोवर होट्टल

रविवारी सकाळी लिनक्स आणि विंडोजच्या फायली डाउनलोडला लावल्या आणि आम्ही होट्टल गाठलं. देगलूरहून दहा किलोमीटरच्या आतच. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर आहे इथं. बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी अशा उभ्या आहेत, की मोबाइलचं स्टोरेज संपेल. गर्दी नाही, सेल्फी-पॉइंट नाही. चालुक्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्यांचा कारभार कन्नडमध्ये चालायचा, म्हणून नांदेड जिल्ह्यात आजही कन्नड शिलालेख सापडतात. देव एक, लेख कन्नड, पुजारी मराठी, दर्शनाला आलेलं कुटुंब तेलुगू बोलणारं. या मातीत हे काही शतकं चाललंय.

मूर्तिशास्त्राचे मोठे अभ्यासक डॉ. गो. बं. देगलूरकर आणि वारकरी कीर्तनकार धुंडा महाराज देगलूरकर, ही दोन नावं तुम्ही पुण्या-पंढरपुरात ऐकली असतील. त्यांच्या आडनावातलं गाव हेच!

दुपारी मामीच्या हातची येसरची आमटी, ज्वारीची भाकरी आणि ठेचा. पुण्यातल्या 'ऑथेंटिक मराठवाडा थाळी'चं नाव पुन्हा काढायचं नाही असं ठरवून उठले.

माळवदाखालचं डेटा सेंटर

डबा ठेवायचा कुठं? नव्या स्लॅबच्या खोलीत टीव्ही आहे, टेबल आहे, पण दुपारी तिची भट्टी होते. जुनी खोली माळवदाची. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच छत, आत शिरलं की गारवा. फक्त वरून माती झरते. मामाने फळीच्या वर हातभर अंतरावर धोतराचं पान ताणून बांधलं. चारी बाजूंनी हवा मोकळी आणि डोक्यावर छत. मोठमोठ्या कंपन्या कूलिंगवर काय काय खर्च करतात, ते मी मामाला सांगितलं नाही.

डब्यावर चढवलं प्रॉक्समॉक्स. ऑस्ट्रियात बनलेलं, २००८पासूनचं, फुकट वापरता येणारं. थेट हार्डवेअरवर बसतं. (रोजच्या वापराच्या विंडोज पीसीवरच हे खेळ करायचे असतील तर व्हर्च्युअलबॉक्स आहे, आणि नोव्हेंबर २०२४पासून व्हीएमवेअर वर्कस्टेशनही सगळ्यांना फुकट झालंय.) तिच्या जुन्या लॅपटॉपचा ब्राउझर उघडला आणि पडद्यावर एकाखाली एक सहा ओळी हिरव्या झाल्या. रॅम साधारण १९ जीबी. वहीच्या शेवटच्या पानावर होतं तेवढंच!

मग तिने यूपीएसचा प्लग उपटला. मुद्दाम! यूपीएस बीप करायला लागला, मशिनं चालूच. एकेक करून सगळी नीट बंद केली, लाइट 'आली', पुन्हा उभी केली. हा सराव महत्त्वाचा आहे बॉस, नुसता यूपीएस घेऊन भागत नाही.

आता ती रोज एक मशीन मोडते. फायरवॉलचा नियम चुकवते, डिस्क भरून टाकते, सर्व्हरचं नेटवर्क उडवते. मग शोधत बसते. नाहीच सापडलं तर कालच्या स्नॅपशॉटवर परत. पुण्यात आमच्या ऑफिसात लाइव्ह सर्व्हरला हात लावायचा तर चार मंजुऱ्या लागतात. शिकणाऱ्याला मात्र हेच हवं असतं. बिनधास्त मोडायला मिळणं आणि मोडलेलं दहा सेकंदांत परत उभं राहणं. रॅमचे, एसएसडीचे पैसे मोजून आपण खरं तर तेवढंच विकत घेतो. अमीरपेठेच्या लॅबमध्ये ते तासाच्या हिशोबाने मिळतं. माळवदाखाली ते रात्री दोनलाही मिळतं.

सहा महिन्यांतले दोन सरलेत. परवा फोनवर तिने मला एक शंका विचारली आणि खरं सांगते, मला उत्तर शोधायला संध्याकाळ लागली. मामीच्या मोबाइलमध्ये बायोडेटा अजून येतात. पण तिथं आता उत्तर जातं, 'दिवाळीनंतर बघू.'

मामा तेवढा अजून साशंक होता. निघताना त्याने फळीकडे बोट दाखवून विचारलं, 'सहा मशिनं म्हणजे बिलबी सहापट का?'

'नाही मामा. महिन्याला पंधरा-वीस युनिट.'

'मग राहू दे की चालू.'

झटपट फंडा

• आधी यादी करा: कोणती मशिनं, प्रत्येकाला किती रॅम. बेरजेत मूळ मशिनाचे ४ जीबी धरा. शिकायला ३२ जीबी पुरते.
• रॅमच्या खाचा किती, जास्तीत जास्त किती जीबी चालते, ते मॉडेलच्या नावावरून आधीच बघा.
• सहा कोअर भरपूर. बायोसमध्ये इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही चालू करा.
• १ टीबी एनव्हीएमई एसएसडी. साधी हार्डडिस्क फक्त बॅकअपला.
• वॅट × २४ × ३० ÷ १००० = महिन्याचे युनिट. घेण्याआधी हे गणित कराच.
• जुनं घेताना बायोस पासवर्ड, मेमटेस्ट आणि पंख्याचा आवाज तपासा.
• यूपीएस घराजवळच्या दुकानातूनच.

देगलूरला जाताना

• मुंबई-पुण्याहून रेल्वेने हुजूर साहिब नांदेड, तिथून नरसीमार्गे एसटीने देगलूर. उदगीर स्टेशनला उतरूनही रस्त्याने जाता येतं.
• हैदराबादहून महामार्ग १६१ने संगारेड्डी, जोगीपेठ, मद्नूर करत देगलूर.
• होट्टलला सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असताना मूर्ती जास्त खुलतात.
• एप्रिल-मे टाळा. पावसाळ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत झक्कास.